चिंचगोळीवाल्या काकू

काकू पाक दातांनी ऐकायच्या. कढईतला एक थेंब उलथन्याच्या टोकावर घ्यायचा, वाटीतल्या गार पाण्यात सोडायचा, घट्ट झाला की दाढेखाली धरायचा आणि मान तिरकी करून हळूच दाबायचा. तेवढा वेळ शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. कट्ट असा बारीक आवाज आला की त्या डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बोलली गं." मग कढई उतरायची. आवाज आला नाही तर म्हणायच्या, "अजून मुकी हाय," आणि भट्टीत आणखी एक लाकूड सरकवायच्या.

मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, ह्यात काय मोठं. एकदा त्या बाहेर गेल्यावर बायांना हसवायला मी त्यांची नक्कल केली. मान तिरकी केली, डोळे मिटले, सगळं झकास जमलं. फक्त थेंब पाण्यात सोडायचं विसरले आणि सरळ तोंडात टाकला. जीभ अशी पोळली की आठवडाभर भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. घरी सासूला सांगितलं, उष्णता झालीय. काकूंना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं तुपाची वाटी ठेवली.

"जिभेला लाव," त्या म्हणाल्या. "अन् फिरून नक्कल करायची तर जवळ पाणी ठिवत जा."

त्या मला कधी नावानं हाक मारत नव्हत्या. मी नेकनूरहून लग्न होऊन वडवणीला आलेली, म्हणून 'नेकनूरवाली'. पुढं माझे केस पिकले, मला सुना आल्या, तरी मी नेकनूरवालीच राहिले. मीही त्यांचं नाव इथं लिहिणार नाही. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं, ते पुरे आहे. कंपनीचं नावही सांगत नाही. तुमच्या घरात कदाचित तिचं पाकीट पडलेलं असेल.

मी कामाला गेले त्याची कथा सांगते, म्हणजे मी किती शहाणी होते ते तुम्हाला कळेल. मी सातवी पास होते आणि त्याचा मला इतका माज होता की कुणी नाव विचारलं तरी नावापुढं 'सातवी पास' जोडायची. आमच्या ह्यांचं गवंडीकाम, पावसाळ्यात बंद. सासू म्हणाली, एसटी स्टँडच्या मागं गोळीच्या शेडात बाया घेतेत, बघ जाऊन. मी लग्नातली साडी नेसून गेले. शिकलेली म्हणून आपल्याला टेबलावर बसवतील, असा माझा अंदाज.

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुठली गं तू?"

"नेकनूरची. सातवी पास."

"बरं. गोळीला कागद पिळायला सातवी पुरती."

लग्नातल्या साडीसकट मी पोत्यावर बसले. काम असं, की चिंच आणि गुळाच्या पाकाच्या दोऱ्या वळून, कातरीनं तुकडे करून समोर यायचे. एकेक तुकडा चौकोनी कागदात ठेवायचा आणि कागदाची दोन्ही टोकं पिळायची. मी डावखुरी. बाकीच्या बायांचा पीळ एकीकडं, माझा उलटा. कुणीतरी तक्रार केली. काकूंनी माझी एक गोळी घेऊन दोन्ही टोकं ओढून बघितली.

"सुटंना," त्या म्हणाल्या. "राहू दे."

घरी जाऊन मी सांगितलं की मला बढती मिळाली.

आमचं घर बौद्ध. वडवणीसारख्या गावात हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही, साडी झाडून बसायच्या आत सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्याच दिवशी एक जुनी बाई काकूंना म्हणाली, "हिचा हात गोळीला लागायलाय. बाजारात कळलं तर?"

काकूंनी माझ्या तळहातावरची उघडी गोळी उचलली आणि तोंडात टाकली. गालात फिरवत म्हणाल्या, "तुझ्या बोटाला मिसरी हाय. ते धुऊन ये आधी."

तो विषय तिथं संपला. पण खोटं कशाला लिहू? माझ्या हातची गोळी खाणाऱ्या ह्याच काकू त्यांच्या घरी मला ओट्यावर बसवून वरून पाणी वाढायच्या. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. मी सातवी पास, मलाही वाटलं नाही. त्यांच्या माठापर्यंत पोचायला मला बरीच वर्षं लागली. एकदा त्या तापानं पडल्या होत्या, घरात कुणी नव्हतं. मी ओट्यावरून हाक दिली.

"पाणी दे गं," आतून आवाज आला.

मी उभीच.

"माठ काय चावतोय का तुला?"

मी आत गेले. त्यानंतर मी त्या घरात ओट्यावर कधी बसले नाही. 

ही गोळी सुरू झाली ती काका आणि काकूंच्या संसाराला हातभार म्हणून. काका आठवडी बाजारात बत्तासे विकायचे, सायकलीच्या कॅरिअरला पत्र्याचा डबा बांधून. घरामागं चिंचेचं झाड होतं. काकूंनी एकदा गुळाच्या पाकात चिंच घालून बघितली, काकांनी ती बाजारात नेली, आणि बत्ताशांचा डबा तसाच परत आला, गोळीचा रिकामा. मग दोघांनी मिळून भट्टी बांधली. काकू माती तुडवायच्या, काका विटा रचायचे. दोघांनाही ते काम येत नव्हतं. भट्टी एका अंगाला झुकली. तिच्यात कढई नेहमी कलती बसायची आणि एका बाजूचा पाक आधी व्हायचा. आमचे हे गवंडी, त्यांनी एकदा ती पाडून सरळ बांधून द्यायची तयारी दाखवली.

"त्यांच्या हातची हाय," काकू म्हणाल्या. "वाकडी तर वाकडी."

तोवर काका गेलेले होते. बाजारातून येताना सायकलीवरून पडले ते उठले नाहीत. मुलगा दत्ता तेव्हा शाळेत. एकुलता एक. तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी भट्टी पेटवली. ती पुढं मोठे सण आणि निवडणुकीचा दिवस सोडला तर कधी विझली नाही.

दत्ता हुशार निघाला. बीडला कॉलेजात असताना त्यानं शिकवणीच्या क्लासेसबाहेरच्या टपऱ्यांवर गोळ्या ठेवल्या. अभ्यास करणारी पोरं तोंडात काहीतरी चघळतात, हे त्यानं हेरलं. बीडहून अंबाजोगाई, तिथून लातूर, मग पुणे. शेडाशेजारी दुसरी शेड झाली. पोत्यांच्या जागी चटया आल्या. मग पुण्यातल्या एका व्यापाऱ्यानं विचारलं, दुबईला पाठवाल का?

दुबईच्या खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा मी त्यातली एक पोलक्यात लपवून घरी नेली आणि गल्लीत सगळ्यांना दाखवली. मी सांगितलं, आता माझा माल बाहेरदेशी चाललाय. शेजारीण म्हणाली, तुझा कुठला, तू निस्ती कागद पिळती. मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही.

माल गेला. दत्ता आधीच तिकडं पोचला होता. मग त्याचा फोन आला. काकूंनी फोन कानाला असा दाबला होता की बाजूला बसलेल्या मलाही सगळं ऐकू येत होतं.

"माय, गोळ्या एक झाल्या."

"एक झाल्या म्हंजी?"

"सगळ्यांची मिळून एकच गोळी झाली. कागदासकट. खोक्याएवढी."

आम्हाला कळेना. आमच्या शेडात गोळी टोपलीत उघडी महिनाभर पडली तरी खडखडीत राहायची. एक बाई म्हणाली, जहाज बुडालं असंल. मी, शिकलेली, मी सांगितलं की तिकडं वाळवंट आहे, उन्हानं वितळल्या असतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या फोनवर दत्तानं सांगितलं, ऊन नाही, हवा. समुद्राकाठी हवा ओली असते. नुसत्या पिळलेल्या कागदातून ती आत शिरते आणि गूळ पाझरतो. मुंबईच्या बंदरावरच निम्मं काम झालं होतं. आमच्यातल्या कुणी समुद्र बघितलेला नव्हता. आम्ही बीडच्या हवेसाठी गोळी केली होती, दुसरी हवा असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

काकूंनी फोन ठेवला.

"हवेत पाणी," त्या म्हणाल्या. "तिकडं हवेत बी हाय. अन् आपल्याकडं नळाला न्हाई."

दत्ता तिकडं निस्तरायला म्हणून राहिला आणि मग राहिलाच. चारी बाजूंनी बंद होणारं पाकीट आलं, ते करणारी मशिनं आली. मशिनं वडवणीला नाही आली, ती बंदराजवळ बसली, तिथं मोठा कारखाना झाला. दुबईनंतर कुठले कुठले देश झाले, मला त्यांचा क्रम सांगता यायचा नाही. दत्ताचं लग्न संभाजीनगरच्या मुलीशी झालं, दोघं बाहेरच स्थायिक झाली, नात तिकडंच जन्मली. दर नव्या देशाला दत्ता फोन करायचा, "माय, आज अमक्या देशात गेलो." काकू म्हणायच्या, "चांगलं झालं बाबा," आणि फोन ठेवून मला विचारायच्या, "हे दुबईच्या पल्याड हाय का अल्याड?" मी भूगोलातली पंडिता. मी नेहमी पल्याड सांगायची. त्यांचा चेहरा बघून मग मी अल्याड सांगायला लागले.

नवं पाकीट आलं त्यावर एका बाईचं चित्र होतं. गोरी, हसरी, नाकात नथ, डोक्यावर पदर. दत्तानं सांगितलं, ही माझी माय म्हणून काढून घेतलीय. काकूंनी पाकीट हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं.

"ही कोण बया?"

"तुमीच की," मी म्हणाले.

"माझं गोंदण कुठंय मग?"

काकूंच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं आणि नथ त्यांनी आयुष्यात घातली नव्हती. त्यांनी ते पाकीट फडताळात उभं ठेवलं. कुणी पाहुणं आलं की म्हणायच्या, "ह्या आमच्या कंपनीच्या मालकीणबाई. मी त्यांच्याकडं कामाला हाय."

एकदा त्या मुलाकडं जाऊन आल्या. चांगलं वर्षभर ठेवायचं म्हणून दत्तानं नेलं होतं, पावसाळ्याच्या आतच परतल्या. काय बघितलं विचारलं तर सांगेनात. पुष्कळ दिवसांनी चिंचेतले चिंचोके काढता काढता म्हणाल्या, "तिथल्या दुकानात आपली गोळी बघितली गं. काचंच्या कपाटात, उजेडात. मी उचलली. तर सून म्हणली, आई, घ्यायची नसंल तर हात नका लावू."

"मग?"

"मग काय. ठिवली."

त्याच सुमाराला दत्ता आला तो नेहमीसारखा आला नाही. आल्या आल्या शेडातल्या सगळ्या बायांना नमस्कार केला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी अवघड सांगायचं आहे. माणसं उगीच एवढी वाकत नाहीत. वडवणीची शेड बंद करायची होती. बाहेरचे ग्राहक लाकडाच्या भट्टीवरची, हातानं पिळलेली गोळी घेत नव्हते. त्यांचे नियम होते, टोप्या, मोजे, तपासण्या. बायांना तो रिकाम्या हातानं घालवणार नव्हता, मायला घेऊन जाणार होता. सगळं नीट विचार करून आला होता पोरगा.

काकू भट्टीसमोर बसल्या होत्या. तिच्यात लाकूड सरकवत म्हणाल्या, "तुझं खरं हाय. पर मी हाय तोवर ही विझवू नको. मी मेल्यावर काय ते कर."

"माय, कावून पण? आता काय कमी हाय का आपल्याला?"

"ही विझली की मी कोण रे? पाकिटावरची?"

दत्तानं भट्टीकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं. चालू राहू दे."

तो एवढ्या लवकर कबूल झाला ह्याचं मला नवल वाटलं. काकूंना वाटलं की नाही ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. बऱ्याच बाया पैसे घेऊन गेल्या, आम्ही मोजक्या राहिलो. भट्टी पहिल्यासारखी पेटायची, काकू पहिल्यासारख्या मान तिरकी करून ऐकायच्या, आम्ही पिळायचो, आणि आठवड्याला एक टेम्पो येऊन पोती घेऊन जायचा. दत्तानं सांगितलं होतं, खास ऑर्डर आहे, जुन्या पद्धतीच्या गोळीचे शौकीन असतात.

दीडेक वर्ष असं चाललं. मग मोठ्या कारखान्यात काहीतरी समारंभ निघाला आणि सगळ्यात जुनी कामगार म्हणून सत्काराला मला बोलावलं. काकूंना पायांमुळं प्रवास झेपत नव्हता. मी केस काळे केले. चेहऱ्याला पावडर इतकी लावली की नात म्हणाली, आजी, तू पिठीसाखरेत घोळलीस का. स्टेजवर शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

समारंभानंतर मी बाथरूम शोधत निघाले आणि वाट चुकले. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली होती. आत बाया खाली बसल्या होत्या, पुढं आमची पोती. आमची म्हणजे वडवणीची, त्यांच्यावरची शिवण मी ओळखते. बाया गोळ्यांचे कागद काढत होत्या. कागद एका बाजूला, गोळी दुसऱ्या बाजूला, गरम पाण्याच्या टाकीत. टाकीतलं पाणी चिंचेच्या रंगाचं झालं होतं.

मी विचारलं, "ह्याचं काय करता?"

"विरघळवतात," एक बाई म्हणाली. "पुन्हा पाक करून मशिनीला देतात. ही गोळी बाहेर चालत नाही ना. फेकायची कशी, म्हणून." तिनं एक गोळी नखानं सोडवायचा प्रयत्न केला, जमेना, दातानं ओढली. "त्यातही ह्या उलट्या पिळाच्या आल्या की डोकं उठतं. नख मोडलं माझं. कोण पिळते मेली कुणास ठाऊक."

माझ्या खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ. मी म्हणाले, "असंल कुणी डावखुरी," आणि तिच्याशेजारी बसले. माझ्या गोळ्यांची एक ओंजळ मी तिला सोडवून दिली. माझ्या हाताला ते सोपं जात होतं.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, काकूंना कळू द्यायचं नाही. मी त्यांना खूप काही सांगितलं. गुळगुळीत फरशी सांगितली, थंडगार खोल्या सांगितल्या, डोळ्याला दिसत नाही इतक्या भराभर पाकीट बंद करणारं मशीन सांगितलं. त्या शाल हातात घेऊन तिची किनार चाचपत होत्या.

"अन् त्या उलगडणाऱ्या बाया?" त्यांनी विचारलं. "त्यांना बसायला पाट देतेत का निस्ती फरशी हाय?"

मी खोटं बोलण्यात चांगली तरबेज आहे, पण त्या वेळी सरळ विचारून बसले.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगंल? पोरं गोळी खाल्ली की कागद कुठं टाकतेत? रस्त्यावर. आधी बाजारात आपला कागद दिसायचा, स्टँडवर दिसायचा, नालीत वाहून यायचा. आता कुठंच दिसंना. बीडला दवाखान्यात गेलते तिथं बी बघितलं. गोळी तर जायलीय पोत्यांनी, अन् कागद पडंना. म्हंजी कुणी खाईना. मग टेम्पोवाल्याला चहा पाजला, तो बोलला."

"कधीपासनं ठाऊक हाय?"

"लई दिस झाले."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. मी म्हणाले, दत्तानं असं करायला नको होतं. सरळ बंद केली असती तरी चाललं असतं, ही काय थट्टा झाली का?

"थट्टा कशाची?" काकू म्हणाल्या. "लेकरू तिकडं. त्याला माझं डोकं दाबता येईना, दवाखान्यात नेता येईना. एवढं एक करायलाय माझ्यासाठी. करू दे की. तू त्याला सांगू नको मला ठाऊक हाय म्हणून. इथं चार बाया पिळतेत, तिथं चार बाया उलगडतेत. आठ चुली हायत त्या." मग शालीची घडी घालत म्हणाल्या, "पाटाचं मात्र सांगते त्याला काहीतरी निमित्त काढून. निस्त्या फरशीवर कंबर जाती."

दुसऱ्या दिवशी मी पिळायला बसले तेव्हा माझा हात चालेना. काकूंनी पाकाचा थेंब दाढेखाली धरला, ऐकला, आणि कढई उतरू दिली. पाक ओट्यावर ओतला, दोऱ्या वळल्या, तुकडे झाले, मी ते कसेबसे पिळले. मग त्यांनी त्यातला एक तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला.

"करपट लागायलीय. समदा घाणा परत करा."

"काकू," मी हळूच म्हणाले, "ती विरघळायचीच हाय."

"ते तुला ठाऊक हाय अन् मला. गोळीला कुठं ठाऊक हाय?"

सगळा घाणा परत केला. मी दुसऱ्यांदा पिळला. त्या दिवशी मी तिकडच्या बाईच्या नखांचा विचार करून पीळ थोडा सैल ठेवला. काकूंच्या लगेच लक्षात आलं.

"नेकनूरवाली, मन लाव."

ह्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुपारी जेवून पडल्या होत्या, चहाला उठवायला गेले तर उठल्या नाहीत. भट्टीवर कढई होती. ती कुणी उतरवली, मला आठवत नाही. दत्ता दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर त्यांना ठेवलं होतं. गावातले पुढारी आले, कंपनीची साहेब माणसं आली, पाकिटावरच्या चित्राचा मोठा फ्लेक्स लागला. गर्दीतल्या एका पोरानं मला विचारलं, वारल्या त्या ह्याच का? मी म्हणाले, न्हाई, ह्या अजून हायत.

सुतकात भट्टी पेटवत नाहीत. कुणी ती विझवली नाही, कुणी तिच्यात लाकूडही घातलं नाही. आपली आपण ती शांत झाली. विटा मात्र एवढ्या वर्षांच्या तापलेल्या, त्यांची ऊब जायला वेळ लागला. पहिल्या रात्रीच्या थंडीत गल्लीतली कुत्री तिला चिकटून झोपली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही बायाच जाऊन पाठ टेकून बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा कुत्री दुसरीकडं गेली होती.

राख सावडून आल्यावर दत्ता शेडात आला. साहेब माणसं बाहेर थांबली होती. इथं काकूंची आठवण म्हणून काचेची खोली करायची, भट्टीत लाल दिवा लावायचा, असं त्यांचं काहीतरी चाललं होतं. दत्ता पांढऱ्या कपड्यांनी तसाच राखेत बसला आणि भट्टीच्या झुकलेल्या अंगाला पाठ टेकली. त्याचेही केस आता पिकायला लागलेत.

"मावशी," तो म्हणाला, "मायला कळलं न्हाई ना? गोळ्या कुठं जायल्यात ते?"

"न्हाई."

"शेवटपर्यंत?"

"कोण सांगणार त्यांना? खूश होत्या. कालपरवापर्यंत घाणा परत करायला लावायच्या."

तो हसला आणि मग त्याला हसू आवरता आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी पदर त्याच्याकडं केला. त्यानं तोंड पुसलं, डोकं मागं विटांना टेकलं.

"अजून कोमट लागतीय गं," तो म्हणाला. "का मलाच वाटायलंय? हात लावून बघ बरं."

मी त्याच्या डोक्याशेजारी विटेवर तळहात ठेवला. माठाच्या बुडासारखी गार होती.

"हाय की," मी म्हणाले. "बस अजून थोडा वेळ."